नाव पुकारू का, माय?

१

"वाहेदभाई अजून येते म्हन्ते. रोज दिवेलागणीले. सिताराबीच्या घरात येऊन बसते, अन् ज्याचं नाव त्यानं पुकारलं, त्याले मंग..."

एवढ्यात गिरणीचा पट्टा फिरला आणि पुढचं सगळं पिठात गेलं.

केशरबाई रांगेत दोन डबे मागे उभ्या होत्या. चतुराबाईचे ओठ हलत होते, हात कपाळाकडे गेला, ऐकणारीनं तोंडावर पदर घेतला. म्हणजे जे काही होतं ते झणझणीत होतं. दुसरं कोणी असतं तर केशरबाईंनी दंड धरून बाहेर ओढलं असतं आणि "काय वं, पुन्हा सांग बरं," म्हटलं असतं. पण चतुराबाईशी त्यांचं बोलणं बंद होतं. गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया आणि त्यावरून चालत गेलेलं मांजर, एवढ्यावरून. मांजर कोणाचं हे अजून ठरलं नव्हतं.

अमरावतीच्या राजापेठेतल्या त्या गल्लीत केशरबाईंना ठाऊक नाही असं काही नसे. कोणाची भाजी करपली, कोणाच्या क्लासवाल्या पोराला कोणत्या पोरीचा फोन येतो, शेती बटाईनं देऊन गावाकडून आलेल्या नव्या भाडेकरूची बायको दुपारी का रडते, सगळं. सातवी शिकलेल्या बाईला वर्तमानपत्र लागत नाही असं त्यांचे यजमान सूर्यभान म्हणायचे. आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात मेलेला माणूस रोज येऊन बसतो, ही बातमी त्यांना गिरणीवर, अर्धी, तीही चतुराबाईच्या तोंडून कळावी?

भीती नंतर वाटली. आधी अपमान वाटला.

२

वाहेदभाईला जाऊन दोन उन्हाळे झाले होते.

आताच्या पोरांना सांगून कळायचं नाही, पण एके काळी राजापेठेला जे काही कळायचं ते वाहेदभाईच्या तोंडून. ऑटोच्या टपावर दोन कर्णे, मागच्या सीटवर बॅटरी, आणि पुढं वाहेदभाई, एका हातात हँडल, एका हातात माईक. सर्कस आली की वाहेदभाई. उद्या पाणी येणार नाही, वाहेदभाई. कापूस खरेदी सुरू झाली, बंद झाली, पुन्हा सुरू झाली, वाहेदभाई. जत्रेत पोर हरवलं की तो असा पुकारा करायचा की हरवलेलं पोर रडायचं थांबून ऐकत उभं राहायचं. आवाज खर्जातला, गुळाच्या ढेपेसारखा. "ऐका हो माय-बाप" असं त्यानं कोपऱ्यावर म्हटलं की हातातली पोळी तव्यावर टाकायची राहून जायची.

आणि मयतीचा पुकाराही तोच करायचा. हिंदूंची असो, मुसलमानांची असो. "मरहूम" म्हणायचं का "कैलासवासी", "सौभाग्यवती" म्हणायचं का "श्रीमती", ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं. पण चुकला कधीच नाही.

त्याची एक रीत होती. मयतीच्या घरी तो ऑटो लांब उभा करायचा, चपला काढायचा, घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईपुढं जाऊन खाली बसायचा आणि हळूच विचारायचा, "नाव पुकारू का, माय?" तिनं "पुकार" म्हटल्याशिवाय माईक हातात घ्यायचा नाही. एखादी "नको" म्हणायची. तिच्या लेखी माणूस अजून गेलेलाच नसायचा. मग हा पायरीवर बसून राहायचा. घरात विचारायला बाईमाणूसच नसलं, तर मात्र दाराला हात लावून सरळ पुकारा करायचा. शेतकरी औषध पिऊन जात होते त्या वर्षांत आजूबाजूच्या खेड्यांतून त्याला बोलावणी फार यायची. परत आला की तो कोणाशी बोलत नसे, नळाखाली डोकं धरून बसे.

केशरबाईंची सासू गेली तेव्हा केशरबाई पस्तिशीच्या. वाहेदभाई त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा. तो आला, खाली बसला आणि त्यांच्याकडं बघून म्हणाला, "नाव पुकारू का, माय?" तोवर केशरबाईंच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. त्या "माय"नं मात्र बांध फुटला. घरातली मोठी बाई आता आपण, हे त्यांना त्याच्या तोंडून कळलं.

३

दुसऱ्या दिवशी केशरबाई विरजणाची वाटी घेऊन सिताराबीकडं गेल्या. घरात दही होतं. पण वाटी हातात असली की कोणाच्याही घरात शिरता येतं.

सिताराबी गोधडीला टाके घालत होत्या. वाळल्या होत्या. खोली तीच, नीटनेटकी. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर एक नवा काळा डबा.

"हे काय वं भाभी? नवं दिसते."

"अलीझानं पाठवला. ईदीचा." अलीझा म्हणजे वाहेदभाईची पुतणी. अमरावतीलाच इंजिनिअरिंग करून ती पुण्याला एका कंपनीत लागली होती. "ज्याले वाचता येत नाई त्याले वाचून दाखवते म्हने. कोणत्या चॅनलवर काय हाय ते."

"मराठीत?"

"मराठीत," सिताराबी म्हणाल्या आणि दातांनी दोरा तोडला.

त्यावर केशरबाई आणखी विचारणार होत्या; पण बाहेर उजेड कमी होऊ लागला तशी सिताराबींनी वाटी त्यांच्या हातात ठेवली, खांद्याला धरून दाराशी आणलं आणि कडी लावली. विरजण न घालताच.

तेव्हा भारनियमन होतं. दुपारची गेलेली वीज नेमकी दिवेलागणीला यायची. केशरबाई आपल्या स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. वीज आली. गल्लीत पोरांचा ओरडा झाला, पंखे कुरकुरले, कोणाची तरी मोटर सुरू झाली. आणि भिंतीपलीकडं कोणीतरी घसा खाकरला.

मग तो खर्जातला आवाज.

"नाव पुकारू का, माय?"

केशरबाईंच्या हातातून वाटी निसटली. जरा वेळ काहीच नाही. मग सिताराबींचा आवाज आला, अगदी साधा, भाजीवाल्याला सांगावा तसा.

"नको."

४

जेवताना त्यांनी सूर्यभानांना सांगितलं. सूर्यभान दवाखान्यात कंपाउंडर होते, आता निवृत्त. संध्याकाळी उंबऱ्यावर बसून पाय बाहेर ताणून पेपर वाचणं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडखळवणं, हा त्यांचा उद्योग.

"कॅसेट असन," ते म्हणाले. "जुनी. पुकाऱ्याची."

"पुकाऱ्याची कॅसेट असन त पुकारा ऐकू येईन ना! हे त तो घरात बसून विचारे. ते काय कोनी टेप करून ठेवते?"

"मंग भूत असन. आता मले वरण वाढ."

केशरबाईंना कॅसेट पटायला हवी होती. रात्रभर त्यांनी ती पटवून घेतली. पण सकाळी चहा ओतताना एक गोष्ट आठवली आणि चहा बशीबाहेर गेला. कॅसेट असती तर ती पुढं बोलली असती. आवाज थांबला होता. उत्तर यावं म्हणून माणूस थांबतो तसा.

त्याच दिवशी मोहसीन आला, सिताराबींचा एकुलता एक. अकोल्याला जुन्या शहरात त्याचं कूलर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. आईशी बोलून तो बाहेर आला तो तोंड उतरवून, आणि सरळ केशरबाईंच्या ओट्यावर बसला.

"मावशी, तुमीच सांगा आता अम्मीले. हीनाचे दिवस भरत आले. घरमालकाले हे घर क्लाससाठी पायजे, तो रोज फोन करून राहिला. तिकडं मी खोली पोतून ठेवली, मोर्णा नदीच्या वाऱ्याची. अन् अम्मी म्हन्ते, येत नाई. कावून त सांगत नाई. भाकरीचा चतकोर खाते दिवसाचा. मी काय उचलून नेऊ तिले?"

"नेशील काय! तुह्या हातात पाना धराची ताकद नाई," केशरबाई म्हणाल्या. तो हसला, पण डोळे पुसले.

"रविवारी गाडी आणतो मी. तुमचं ऐकते ती."

केशरबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या शब्द देऊन बसल्या.

५

"बसा मंग आज," सिताराबी म्हणाल्या. "तुमाले भिंतीतून ऐकाचा त्रास कावून?"

केशरबाई लाजल्या नाहीत. त्यांनी मांडी घातली.

खोलीत अंधार दाटत होता. बाहेर क्लास सुटून पोरांच्या सायकली, गाड्या एकमेकींना ढकलत चालल्या होत्या. मग वीज आली. पिवळा दिवा लागला, टीव्हीवरच्या डब्यात निळा ठिपका उघडला. पडदा काळाच. डब्यानं घसा खाकरला.

"नाव पुकारू का, माय?"

इतक्या जवळून ऐकल्यावर केशरबाईंना आधी भीती वाटलीच नाही. वाटलं ते असं, की आता ऑटोचा हँडब्रेक ओढल्याचा आवाज येईल, सासू आतून ओरडेल, लेक आचल फ्रॉक सावरत दाराकडं धावेल. वीस वर्षं खोलीत येऊन उभी राहिली. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की खोली थांबलेली आहे. पंखा फिरत होता, पण सगळं थांबलं होतं.

"नको," सिताराबी म्हणाल्या. निळा ठिपका हिरवा झाला, पडद्यावर बातम्या लागल्या.

"रोज?"

"वीज जाऊन आली की. डबा पुन्हा सुरू होते ना, तवा." सिताराबींनी आवाज बारीक केला. "केशरबाई, आता मले सांगा. हा कोनाचं नाव विचारून राहिला असन? माह्या घरात पुकाराले एकच नाव उरलं."

मोहसीन. केशरबाईंनी ते नाव घेतलं नाही.

"तुमी त्या डब्याची पीन काहून नाई काढत?"

"काढली होती. एक रोज." सिताराबींनी रुमालाची कड सरळ केली. "पूर्ण रात्र वाटलं, तो दाराबाहेर उभा हाय चपला काढून, अन् मी दार लावून घेतलं. चाळीस वर्षांत कधी लावलं नाई. अन् मी अकोल्याले गेली, घर रिकामं झालं, विचाराले बाईच नसली, मंग? तुमाले त्याची रीत मालूम हाय ना?"

केशरबाईंना ठाऊक होती.

६

पुण्याला फोन केशरबाईंनीच लावला. अलीझा शनिवारी सकाळच्या गाडीनं आली, पाठीवर बॅग, तोंडानं सारखं "चाची, तुम्ही मला आधी का नाही सांगितलं" चालू. पुण्यात राहून तिची बोली धुवून निघाली होती. पण चाचीच्या गळ्यात पडली तशी "काहून वं असं केलं" असं रडली.

"आवाज चाचांचाच आहे," ती डोळे पुसून म्हणाली. "मीच घेतलेला."

कॉलेजात असताना, शेवटच्या वर्षाला, तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी एक बोलणारी पेटी केली होती. कापसाचे भाव, पावसाचा अंदाज, गावागावांत वाचता न येणाऱ्याला ऐकू यावं म्हणून. आवाज हवा होता. तिनं चाचांना कॉलेजच्या खोलीत नेऊन बसवलं. आठवडाभर तो शब्द वाचून दाखवत होता, नावं वाचत होता, आकडे वाचत होता. पेटी चार गावांत बसली, मग तिला निधी मिळाला नाही आणि ती बंद पडली. पण आवाज आणि तो जोडून बोलवणारा प्रोग्राम त्यांनी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला.

"खुला म्हंजे?"

"म्हणजे पाणपोई, मावशी. कोणीही यावं, पाणी प्यावं, हंडा भरून न्यावा, त्यात सरबत करून विकावं, तरी चालतं. अट एकच. पाणपोई बांधणाऱ्याचं नाव पुसायचं नाही. टीव्ही, डबे, फोन, सगळे असेच बनतात. कंपनी सगळं स्वतः लिहीत नाही. निम्म्याहून जास्त माल पाणपोयांवरून भरलेला असतो."

तिनं रिमोट घेऊन डब्याच्या आत, खूप आत, एक पान उघडलं. बारीक अक्षरांत नावंच नावं. परदेशातली, चिनी, कुठली कुठली. खाली खाली जात ती थांबली. "हे बघा चाची. शेख वाहेद, अमरावती."

सिताराबींना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी उठून पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"अन् ते विचारणं?" केशरबाई म्हणाल्या.

अलीझाला हसू आलं. "ती आमची चूक. कागदावरचं प्रत्येक नाव वाचायच्या आधी चाचा सवयीनं विचारायचे, नाव पुकारू का, माय? समोर मी, एकवीस वर्षांची, आणि मला माय म्हणायचे. आम्ही सगळीकडून ते कापलं. एक तुकडा राहिला असणार. डबा नव्यानं सुरू झाला की हे नावांचं पान वाचायला जातो, आधी तो तुकडा वाजतो, पुढं अडकतो. बस."

"थांबते कावून मंग? उत्तर आल्यावरच पुढं सरकते."

"त्याला कानच नाहीत, मावशी. माईकच बसवलेला नाही आत. तुम्ही नको म्हणा, हो म्हणा, भजन म्हणा, तो तेवढाच वेळ अडकणार. एकदा काहीच न बोलता बघा."

सगळं कसं पाण्यासारखं स्वच्छ झालं. सिताराबी किती तरी दिवसांनी पोटभर जेवल्या. अलीझा दुपारी नातलगांना भेटायला गेली. केशरबाई जायला उठल्या तर सिताराबींनी त्यांचा हात धरला.

"ती म्हन्ते ते खरं असन. पन संध्याकाळी मले नाई जमणार चूप राहाले."

"मी बसते ना," केशरबाई म्हणाल्या. "तुमी आत नमाज पढा निवांत. तुमाले ऐकूच येणार नाई."

खरं सांगायचं तर त्यांना बसायचंच होतं.

७

अंधार झाला. आतल्या खोलीत सिताराबींनी दार लोटून घेतलं. वीज आली, निळा ठिपका उघडला, घसा खाकरला गेला.

"नाव पुकारू का, माय?"

केशरबाई ओठ मिटून बसल्या. पदराचं टोक मुठीत. त्यांनी मनात अलीझाचं बोलणं घोकलं, तुकडा आहे, अडकला आहे, कान नाहीत. बाहेर कोणाचा तरी प्रेशर कुकर शिट्टी देऊन शांत झाला. ठिपका निळाच. पंख्याखाली रुमालाची कड हलत होती. रोज सिताराबी लगेच बोलत, म्हणून थांबणं एवढंसं वाटे; आता ते लांबत चाललं, लांबत चाललं, आणि त्या लांबण्यात केशरबाईंना स्पष्ट जाणवलं की समोर कोणी घाईत नाही. चपला काढून, गुडघ्यांवर हात ठेवून, हवा तेवढा वेळ.

आणि मग तीच खोड. आयुष्यभराची. अर्धी गोष्ट त्यांना कधी सोसलीच नव्हती.

"पुकार, बाप्पा," त्या पुटपुटल्या.

त्यानं श्वास घेतला. पुकाऱ्याआधी घ्यायचा तोच, छाती भरून, नाकातून.

"ऐका हो माय-बाप. राजापेठेतील सौभाग्यवती..."

वीज गेली.

अंधारात केशरबाईंना आपल्या बांगड्या वाजताना ऐकू आल्या. आतलं दार उघडलं.

"काय झालं? बोलला का? केशरबाई! कोनाचं नाव? कोनाचं?"

सिताराबींचा आवाज असा होता, की सगळं आयुष्य त्या एका उत्तराला टांगलेलं असावं. केशरबाईंनी अंधारात त्यांचे खांदे शोधून काढले.

"मोहसीनचं नाई, भाभी. अल्लाची शपथ, तुमच्यातलं कोनाचंच नाई." एवढं खरं होतं. मग त्या हसल्या, हसणं बरं जमलं. "इंग्रजी नाव होतं कोनतंतरी. ते पानावरचं. वाहेदभाईची जीभच अडकली."

सिताराबी खाली बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या, आणि रडता रडता हसल्या. वाहेदभाईला इंग्रजी कधी बोलता आलंच नव्हतं.

८

रविवारी मोहसीन टेम्पो घेऊन आला. सामान ते काय. ट्रंक, गोधड्या, शिलाई मशीन. काळा डबा सिताराबींनी रुमालात गुंडाळून मांडीवर घेतला होता. केशरबाई टेम्पोपाशी गेल्या.

"भाभी, हा मले द्या."

"कावून?"

"आमचा बंद पडला," केशरबाई म्हणाल्या. त्यांचा टीव्ही आतून मोठ्यानं बोलत होता.

सिताराबींनी त्यांच्याकडं पाहिलं. त्या काही दुधखुळ्या नव्हत्या. "तुमी काल खरं सांगतलं ना मले?"

"मोहसीनचं नाव नव्हतं. आचलची आन. जा आता, सुनेजवळ जा. पोरगी झाली त मले फोन करा, पोरगा झाला त चतुराबाईले करा."

मोहसीन खो-खो हसला. सिताराबींनी डबा दिला, पण दोन्ही हातांनी, एखादं तान्हं द्यावं तसा. टेम्पो वळला. रिकाम्या घराच्या दारावर घरमालकाचं कुलूप लागलं.

त्याच दुपारी केशरबाईंनी अलीझाला फोन केला. वाहेदभाईनं वाचलेल्या कागदावर "सौभाग्यवती" हा शब्द होता का? नव्हता, ती म्हणाली. भाव, पाऊस, गावं, माणसांची नावं. तो कशाला घेऊ? पण अक्षरं जोडून प्रोग्राम नवा शब्द करतोच, मावशी, तेच तर त्याचं काम. आणि हा आवाज असा किती घरांत असेल? ते कोणी मोजत नाही, ती म्हणाली, फुकट आहे. आता तर घड्याळातही घालतात. का, काही झालं का?

"नाई नाई," केशरबाई म्हणाल्या. "सहज विचारलं."

राजापेठेतली सौभाग्यवती. त्या स्वतः होत्या. आचल होती, लग्न होऊन चांदूर रेल्वेला गेली तरी राजापेठेची ती होतीच. पहिल्या बाळाला अजून वर्ष झालं नव्हतं. स्वतःचं त्यांना फारसं वाटलं नाही. आचलला मात्र त्यांनी त्या आठवड्यात इतके फोन केले की जावई म्हणाला, "सासूबाई, इथंच या राहाले." आचलला सर्दीसुद्धा झाली नव्हती.

गिरणीवर चतुराबाईच जवळ आली. कुरडया विसरून. "खरं काय वं ते? येते काय तो?"

"तू आधी सांग. ज्याचं नाव पुकारलं त्याले मंग काय होते?"

"मले काय मालूम! मले त्या नव्या भाडेकरूच्या बायकोनं सांगतलं, तिले पूर्ण मालूम नव्हतं." चतुराबाईनं डबा कमरेवर घेतला. "लोक म्हन्ते, घेऊन जाते."

"कोनाले नेलं नाई," केशरबाई म्हणाल्या. "अन् येत-बीत बी नाई कोनी. आवाज हाय नुसता. पाणपोईचा." चतुराबाईला काही कळलं नाही, आणि केशरबाईंना त्यात थोडं समाधान वाटलं.

काळा डबा त्यांनी आपल्या टीव्हीवर ठेवला. पीन काढायचा विचार आला, तेव्हा दाराबाहेर चपला काढून उभा असलेला माणूस डोळ्यांपुढं आला, जमलं नाही. संध्याकाळी त्या कणीक मळायची थांबवून डब्यापुढं येऊन बसत. सूर्यभान नेहमीसारखे उंबऱ्यावर, पाय बाहेर ताणून, पेपरात तोंड. "आला का तुहा भाऊ?" अशी चेष्टा करत. त्यांच्या लेखी तो डब्यातला बिघाड होता.

अशाच एका संध्याकाळी वीज आली. निळा ठिपका उघडला.

"नाव पुकारू का, माय?"

"नको, वाहेदभाई," केशरबाई म्हणाल्या. सिताराबी नुसतं "नको" म्हणत. यांना आज नाव घेतल्याशिवाय राहवलं नाही. जुना शेजार होता. "माही पोरगी लहान हाय अजून. नको."

ठिपका हिरवा व्हायला हवा होता. झाला नाही. डब्यानं श्वास सोडला, दमल्या माणसानं सोडावा तसा.

"बरं, माय," आवाज म्हणाला. "बसतो मंग."

केशरबाईंनी दाराकडं पाहिलं. पायरीवर कोणी नव्हतं. गल्लीतला दिवा लागलेला, त्याखाली मोकळी पायरी. सूर्यभान पेपर वाचत होते, चष्मा नाकावर, ओठ हलत होते. त्यांनी काही ऐकल्यासारखं दिसत नव्हतं. पान उलटता उलटता, मान वर न करता, त्यांनी आपले दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले आणि पायरीवर एका माणसापुरती जागा करून दिली.